इंग्रजी फ्रेजल व्हर्ब आणि वाक्प्रचारांचे अर्थ पाठ करूनही विसरतात. काय करू?

तुम्ही लिहिलंय की दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता खानापूरहून रोज बेळगावला कॉलेजला येता, आणि 'पुट ऑफ', 'पुट अप विथ' अशी 'पुट'ची वीस फ्रेजल व्हर्ब, म्हणजे मागे छोटा शब्द जोडून अर्थ बदलणारी रूपं, घोकली तरी आठवड्यात डोक्यातून जातात. जाणारच की! यादी घोकणं आधी बंद करा.

माझी फजिती सांगतो. उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत मी डिस्पॅचला होतो. इंग्लंडच्या गिऱ्हाइकाचा फोन आला, 'वी मे हॅव टु कॉल ऑफ नेक्स्ट वीक्स व्हिजिट.' मला त्यातलं 'कॉल' तेवढं कळलं. वाटलं, यायच्या आधी फोन करणार असतील. मी आपला जोरात, 'येस सर, एनी टाइम!' पुढच्या आठवड्यात शॉप झाडून घेतलं, हार आणला, किलोभर कुंदा, आपली बेळगावची मिठाई, आणला. कोण येतंय? 'कॉल ऑफ' म्हणजे रद्द करणं. कुंदा आम्हीच संपवला.

तेव्हापासून मी क्रियापदापेक्षा त्याच्या शेपटीकडे, म्हणजे मागच्या 'ऑफ', 'अप'कडे जास्त बघतो. 'ऑफ'मध्ये बहुतेक वेळा सुटणं, तुटणं, लांब जाणं असतं. 'टेक ऑफ' म्हणजे विमानानं जमीन सोडली, 'कट ऑफ' म्हणजे संपर्क तुटला, 'पुट ऑफ' म्हणजे आजचं काम पुढे ढकललं. 'अप' म्हणजे वर हे खरंच, पण 'ईट अप', 'यूज अप'मध्ये वर काहीच जात नाही. तिथं गोष्ट पुरती संपते. आपल्याकडे हे काम 'टाकणे' करतं. 'खाऊन टाक' म्हटल्यावर कोणी ताट टाकून देतं का? 'बोलून गेलो', 'बोलून बसलो', 'बोलून टाकलं' या तिन्हींतला फरक तुम्हाला कुणी शिकवला नाही, तरी कळतो. वर्गातला कन्नड मित्र 'माडिबिडु' म्हणतो, त्यातलं 'बिडु' म्हणजे सोड. पण तो सांगत असतो 'करून टाक'. म्हणजे हा खेळ तुम्ही दोन भाषांत रोज खेळताय.

ही किल्ली सगळ्या कुलपांना लागत नाही. 'पुट अप विथ' म्हणजे सोसणं, तिथं कितीही तर्क लढवा, हाती काही लागत नाही. 'टर्न डाउन' म्हणजे आवाज कमी करणं आणि आलेलं स्थळ नाकारणंही. मग 'टर्न अप' म्हणजे होकार? नाही. आवाज वाढवणं, किंवा येऊन हजर होणं. असे शब्द अख्ख्या वाक्यासकट वहीत उतरवा. त्यानं कुठला शब्द कुठं ठेवायचा तेही आपोआप डोक्यात बसतं: 'टर्न इट ऑफ' बरोबर, 'टर्न ऑफ इट' चूक, पण 'लुक आफ्टर हर'मध्ये 'हर' शेवटीच.

शाळेत आपल्याला 'पोस्टपोन', 'टॉलरेट' असले लॅटिन वळणाचे शब्द आधी शिकवतात. ते आपल्या 'स्थगित करणे'सारखे, अर्जात शोभतात. घरात मात्र माणूस 'पुढे ढकलूया'च म्हणतो, तसं इंग्रज 'पुट ऑफ' म्हणतो.

वाक्प्रचारांत खरा धोका ओळखीच्या चेहऱ्यांचा. आपल्याकडे पाय ओढणं म्हणजे वर चढणाऱ्याला खाली खेचणं; इंग्रजीत कुणाचा 'लेग पुल' करणं म्हणजे नुसती थट्टा. साहेबानं हसत तसं म्हटलं आणि तुम्ही मनाला लावून घेतलं, तर दोघंही चक्रावणार. 'डोकं खाऊ नको'ला कन्नडमध्ये 'तली तिन्नब्याड' आहे, शब्दाला शब्द. पण 'डोन्ट ईट माय हेड' इंग्लंडात चालत नाही. आणि 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्स'च्या, गवती छपरावरून कुत्री-मांजरं घसरून पडायची वगैरे कहाण्यांत वेळ घालवू नका, त्या नंतर रचलेल्या आहेत. धो धो पाऊस, बास.

रोजच्या बसवरूनच सुरुवात करा. 'द बस ब्रोक डाउन नियर पिरनवाडी.' बंद पडली. 'आय टर्न्ड अप लेट.' उशिरा उगवलो. 'माय फ्रेंड फिल्ड मी इन.' वर्गात काय झालं ते मित्रानं सांगितलं. उद्याची बस वेळेवर आली, तर वेगळी तीन वाक्यं शोधावी लागतील.