पोस्टर लावून वीज वाचत नाही, मग सुरुवात कुठून करायची?

प्रश्न: आमची भोसरी एमआयडीसीत प्रेस पार्ट्सची कंपनी आहे, ८० माणसं, दोन शिफ्ट. मी मेंटेनन्सला आहे. साहेबांनी वीज-पाणी बचतीचा कार्यक्रम माझ्या गळ्यात घातलाय. मागच्या १४ डिसेंबरला ऊर्जा संवर्धन दिन केला, पोस्टर लावली, सगळ्यांनी शपथ घेतली, आठ दिवसांत पुन्हा जैसे थे. लोक ऐकतच नाहीत. काय करू? (एक वाचक)

उत्तर: लोक ऐकत नाहीत असं मला नाही वाटत. पोस्टरवर 'वीज वाचवा' लिहिलं, पण कुठल्या मशीनची, कोणी, कधी, ते कुठे लिहिलंय? ऑपरेटरच्या डोक्यावर पार्ट्सचं टार्गेट असतं, त्याने नेमकं काय करायचं ते त्याला कोणी सांगितलेलंच नसतं.

आधी १२ महिन्यांची बिलं काढा आणि प्रत्येक महिन्याचे युनिट त्या महिन्याच्या प्रॉडक्शनने भागा. हजार पार्टमागे किती युनिट, हा तुमचा आकडा, नुसतं बिल बघू नका, कारण ऑर्डर कमी झाली की बिल आपोआप उतरतं आणि सगळ्यांना वाटतं बचत झाली. तुमचं कनेक्शन उच्चदाब असेल तर एप्रिल २०२० पासून महावितरण केव्हीएएचवर (नुसत्या कामी आलेल्या नव्हे, लाइनमधून ओढलेल्या एकूण विजेवर) बिल लावतं, म्हणजे पॉवर फॅक्टर (ओढलेल्यातली किती कामी आली ते प्रमाण) घसरला की थेट खिशातून जातं, तेव्हा तो सुधारणारं कपॅसिटर पॅनल एकदा उघडून बघाच.

मग कॉम्प्रेसर, म्हणजे मशीनना दाबाची हवा पुरवणारं यंत्र. माझं ऐका, पहिले दोन महिने दुसऱ्या कशाला हातच लावू नका. सुट्टीच्या दिवशी सगळी मशीन बंद ठेवा पण हवेची लाइन चालू ठेवा (व्हॉल्व बंद केलेत तर गळती सापडणारच नाही), एकटा कॉम्प्रेसर चालवा आणि घड्याळ घेऊन उभे राहा. किती वेळ लोडवर (हवा भरतोय), किती वेळ अनलोडवर (नुसता फिरतोय), असे आठ-दहा फेरे लिहा. समजा दोन मिनिटं लोड आणि सहा मिनिटं अनलोड आलं, तर आठातली दोन, म्हणजे कॉम्प्रेसरच्या क्षमतेच्या २५ टक्के हवा कोणीच वापरत नसताना उडून जातेय. व्हीएफडी (गरजेप्रमाणे मोटरचा वेग बदलणाऱ्या) कॉम्प्रेसरला मात्र हा हिशोब लागू पडत नाही. नंतर साबणाचं पाणी घेऊन एकेक कपलर, होज, जॉइंट तपासा. गळती बंद झाली की प्रेशर थोडं थोडं उतरवून बघा, एक बार (दाबाचं एकक) कमी केलं तरी कॉम्प्रेसरची वीज साधारण ६-७ टक्क्यांनी उतरते, फक्त लाइनच्या टोकाच्या मशीनला पुरतंय ना ते आधी बघा.

आणि गळती शोधायला रात्रीच्या शिफ्टवाल्यांना सोबत घ्या. एका कारखान्यात मी दिवसभर फिरून जेवढ्या गळत्या शोधल्या त्याहून जास्त एका हेल्परने अर्ध्या तासात दाखवल्या, आणि त्यातल्या तीन त्याने आधीच रजिस्टरमध्ये लिहिल्या होत्या, कोणी बघितलंच नव्हतं. मला फार वाईट वाटलं तेव्हा. माणूस सांगतो, एकदा सांगतो, दोनदा सांगतो, मग गप्प बसतो.

म्हणून साहेबांकडे भाषण मागू नका, दोन गोष्टी मागा. कपलर, होज, टेफलॉन टेप असल्या किरकोळ वस्तू पीओशिवाय (खरेदीच्या ऑर्डरशिवाय) घ्यायची मुभा, आणि वाचलेल्या पैशातला थोडा हिस्सा शॉपफ्लोअरच्या माणसांसाठी, मग तो कॅन्टीनमध्ये दिसू दे नाहीतर दिवाळीला. कोणी गळती सांगितली की ती किती दिवसांत बंद झाली हे बोर्डावर लिहा, सांगणाऱ्याच्या नावासकट.

पंखे जळतील तसे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) घ्या. जुना ७५ वॅटचा, नवा ३० च्या आसपास, रोज १० तास आणि ३०० दिवस धरले तर एका पंख्यामागे वर्षाला १३५ युनिट.

पाण्याचं दोन महिन्यांनी बघू. तोवर एवढंच करा, टॉयलेटच्या फ्लश टाकीत खाण्याचा रंग टाका, अर्धा तास कोणाला फ्लश करू देऊ नका, खाली भांड्यात रंग दिसला तर टाकी गळतेय. आणि कॉम्प्रेसरचा आकडा आला की नक्की कळवा, पुढचं त्यावरून सांगतो.