आयसवाले कॅम्पसवर आले तर विद्यापीठ काय करतं?

तुझा मेसेज काल रात्री वाचला. दोन ॲडमिशन हातात आहेत, एक कॅलिफोर्नियातली, एक फ्लोरिडातली. फी, प्राध्यापक, हवामान सगळं बघून झालंय. पण टीव्हीवर आयसची, म्हणजे अमेरिकेच्या इमिग्रेशन अंमलबजावणी खात्याची, तोंड झाकलेली माणसं पोरांना गाडीत घालताना दिसल्यापासून तुझ्या आईचा एकच धोशा: "वर्गातून उचलून नेलं तर विद्यापीठ काय करणार?" मला मावशी म्हणतेस, तेव्हा गोड बोलून वाटेला लावणार नाही. मी इथे चौदा वर्षं आहे. आधी तुझ्यासारखीच एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर आले, आता कॅलिफोर्नियातल्या एका सरकारी विद्यापीठाच्या विभाग-कार्यालयात नोकरी करते. आमच्या मजल्यावर कोणी चौकशीला आलं तर पहिल्यांदा माझ्याच टेबलाशी थांबतं. त्यामुळे अशा वेळी काय करायचं हे आम्हाला बसवून शिकवलंय.

आधी एक गैरसमज डोक्यातून काढ. विद्यापीठ म्हणजे किल्ला नव्हे. शाळा-कॉलेज, दवाखाने, प्रार्थनास्थळं इथे शक्यतो कारवाई करायची नाही, असं बंधन आयसने २०११ मध्ये स्वतःवर घालून घेतलं होतं. २०२१ मध्ये ते आणखी विस्तारलं. पण तो कायदा नव्हता, खात्याचं परिपत्रक होतं. २० जानेवारी २०२५ ला नवं सरकार आलं आणि ते रद्द झालं.

आता सगळा हिशोब दारांचा. सरकारी विद्यापीठाचं आवार उघडं असतं. हिरवळ, रस्ते, कॅन्टीन, ग्रंथालयाचा खालचा मजला, इथे तू जाऊ शकतेस, मी जाऊ शकते आणि आयसचा अधिकारीही जाऊ शकतो. त्याला कोणी अडवत नाही, अडवूही शकत नाही. पण जिथे कार्ड लावल्याशिवाय दार उघडत नाही, म्हणजे हॉस्टेलच्या खोल्या, लॅब, आतली ऑफिसं, तिथे त्याला न्यायाधीशाच्या सहीचं वॉरंट लागतं किंवा कोणाची तरी संमती. मेख त्या संमतीत आहे. भल्या मनाने कोणी "या ना, आत या" म्हणालं की संमती झाली. आपल्याकडे दारात आलेल्याला ताटकळत ठेवणं वाईट दिसतं, म्हणून हे मुद्दाम सांगते.

कागद दोन प्रकारचे असतात. एक आयसचं स्वतःचं वॉरंट, फॉर्म आय-२००. वर सरकारी शिक्का, खाली सही, दिसायला भारदस्त. पण ती सही त्याच खात्याच्या अधिकाऱ्याची असते. या कागदावर ते बाहेर, उघड्या जागेत माणसाला ताब्यात घेऊ शकतात. बंद दार उघडून द्यायला मात्र विद्यापीठ त्याने बांधील होत नाही. दुसरं वॉरंट कोर्टाचं. वर 'युनायटेड स्टेट्स डिस्ट्रिक्ट कोर्ट' आणि खाली न्यायाधीशाची सही. ते आलं की विद्यापीठ दार उघडतं. विरोध नाही, निषेधाचं पत्रक फार तर दुसऱ्या दिवशी.

मी काय करायचं ते ठरलेलं आहे. नाव आणि बिल्ला विचारायचा, कागद मागायचा, त्याची प्रत ठेवायची आणि म्हणायचं, "मी तुम्हाला अडवत नाही, पण परवानगी द्यायचा अधिकार मला नाही, थांबा." मग कॅम्पस पोलिसांना आणि विद्यापीठाच्या वकिलांना फोन. अमुक मुलगी कुठल्या वर्गात आहे, हे मी सांगायचं नाही. आणि "ती आज आलीच नाही" असं खोटंही सांगायचं नाही, कारण संघराज्याच्या अधिकाऱ्याशी खोटं बोलणं हा इथे वेगळा गुन्हा आहे. गप्प राहणं हा हक्क आहे, थाप मारणं नाही. कोणाला मागच्या दाराने पळवणं तर अजिबात नाही.

हे प्रत्यक्षात कसं घडतं ते मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दिसलं. तिथे पीएचडी करणाऱ्या एका भारतीय मुलीचा व्हिसा ५ मार्चला रद्द झाला. ७ तारखेला अधिकारी तिच्या घराच्या दारात. न्यायाधीशाचं वॉरंट नव्हतं, रूममेटने दार उघडलं नाही, ते परत गेले. ११ तारखेला ती मुलगी कॅनडाला निघून गेली. १३ तारखेच्या रात्री ते पुन्हा आले, या वेळी न्यायाधीशाची सही घेऊन, आणि त्या घराची झडती झाली. तीच जागा, फरक फक्त कागदाचा. घर विद्यापीठाचंच होतं बरं का, आणि वॉरंट आलं त्या वेळी विद्यापीठाला काहीही करता आलं नाही. पहिल्या वेळी जे केलं तेही विद्यापीठाने नाही, एका शहाण्या रूममेटने.

आईला हेही सांग की त्या महिन्यातल्या गाजलेल्या अटका वर्गात झालेल्या नाहीत. बोस्टनजवळच्या टफ्ट्स विद्यापीठाच्या तुर्की विद्यार्थिनीला २५ मार्चला सॉमरव्हिल गावातल्या रस्त्यावर धरलं. रोजा सोडायला निघाली होती, साध्या कपड्यांतल्या, तोंड झाकलेल्या माणसांनी घेरलं आणि दुसऱ्या दिवशी ती लुईझियाना राज्यातल्या कोठडीत. सुटली ती ९ मेला. जॉर्जटाउन विद्यापीठाच्या भारतीय संशोधकाला व्हर्जिनियात त्याच्या घराबाहेर धरलं. विद्यापीठाच्या फाटकाबाहेर विद्यापीठाचं काही चालत नाही. वकिलाशी गाठ घालून देणं, कोर्टात बाजूने लिहून देणं, परीक्षा पुढे ढकलणं, एवढंच त्याच्या हातात. तेही सगळी विद्यापीठं करत नाहीत.

आता जे मला खरं महत्त्वाचं वाटतं, आणि ज्याबद्दल टीव्हीवर कोणी बोलत नाही. ज्या खात्याला विद्यापीठ दारात थांबवतं, त्याच खात्याला ते तुझी माहिती स्वतःहून पाठवत असतं. विद्यार्थ्यांच्या व्हिसाची यंत्रणा, सेव्हिस, आयसचाच एक विभाग चालवतो. तू कोणता विषय घेतलास, पुरेसे क्रेडिट आहेत का, राहतेस कुठे, हे सगळं तुझा डीएसओ, म्हणजे आंतरराष्ट्रीय कार्यालयातला अधिकारी, तिथे भरतो. कायद्याने भरावंच लागतं, आणि आय-२० वर, म्हणजे व्हिसासाठी विद्यापीठ देतं त्या फॉर्मवर, सही करताना तू त्याला संमती दिलेली असतेस. विद्यार्थ्यांची माहिती गुप्त ठेवणारा १९७४ चा कायदा आहे, फेर्पा म्हणतात, पण एवढ्यापुरता तो आपल्याला लागू पडत नाही. डीएसओ माणूस चांगला असतो, आमच्याकडची बाई तर सोन्यासारखी आहे, पण तिच्या कामातच ही दोन्ही टोकं बांधलेली आहेत.

म्हणून मला छाप्यापेक्षा एप्रिल २०२५ ची गोष्ट जास्त भीतीदायक वाटते. सरकारने सुमारे १३ लाख परदेशी विद्यार्थ्यांची नावं गुन्ह्यांच्या माहितीसाठ्याशी ताडून पाहिली आणि हजारोंची सेव्हिस नोंद एका फटक्यात बंद केली. त्यांत वाहतुकीचे किरकोळ दंड होते, कधीच निकाली निघालेली प्रकरणं होती. इमिग्रेशन वकिलांच्या संघटनेने ३२७ प्रकरणं गोळा केली, त्यातली निम्मी भारतीय मुलांची. कित्येक विद्यापीठांना सरकारने कळवलंसुद्धा नाही, डीएसओंनी रोज सकाळी सेव्हिस उघडून नावं शोधली. पोरं कोर्टात गेली, आणि २५ एप्रिलला सरकारने नोंदी पूर्ववत करतो असं सांगितलं. ना कोणी दार ठोठावलं, ना वॉरंट दाखवलं.

तेव्हा तुझी तयारी दारापेक्षा कागदाची असू दे. पत्ता बदलला की दहा दिवसांत डीएसओला कळव. क्रेडिट कमी करायचे तर आधी विचार, मग कर. सेमिस्टर चालू असताना आठवड्याला वीस तासांच्या वर काम नाही, ओळखीच्या हॉटेलात रोखीने तर मुळीच नाही, देशी माणूस कितीही "आपलाच माणूस" म्हणाला तरी. गाडीचा दंड झाला तर तो भरल्याची पावती आणि निकालाचा कागद जपून ठेव. आय-९४ ची, म्हणजे अमेरिकेत प्रवेश केल्याच्या नोंदीची, प्रत जवळ बाळग. कधी ताब्यात घेतलंच तर भारतीय वकिलातीला कळवा असं तुलाच म्हणावं लागेल, आपल्या देशाच्या बाबतीत ते आपोआप होत नाही. वकिलाचा आणि आणखी एका माणसाचा नंबर तोंडपाठ हवा. फोन पहिला काढून घेतात.

अफवांचं एक सांगते. गेल्या वर्षी आमच्या इमारतीत जॅकेट घातलेली दोन माणसं दिसली आणि पाच मिनिटांत पोरांच्या व्हॉट्सॲपवर "आयस चौथ्या मजल्यावर". एक लेक्चर रिकामं झालं. लिफ्टची तपासणी करायला आले होते बिचारे.

राहिला राज्याचा प्रश्न. तुला वाटतं त्यापेक्षा तो मोठा आहे. कॅलिफोर्नियात २०१७ च्या कायद्याने कॅल स्टेट विद्यापीठांना आणि कम्युनिटी कॉलेजांना अशा भेटींसाठी लेखी नियम करावे लागले, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सही झालेल्या कायद्याने, अधिकारी आल्याची खात्री झाली की विद्यार्थ्यांना कळवण्याचीही तरतूद केली. फ्लोरिडात उलटं. तिथे फ्लोरिडा इंटरनॅशनल युनिव्हर्सिटीसारख्या काही सरकारी विद्यापीठांच्या कॅम्पस पोलिसांनी २०२५ मध्ये आयसशी २८७(जी) करार केले. म्हणजे मी ज्या कॅम्पस पोलिसांना फोन लावते, तेच तिथे इमिग्रेशनची चौकशी करू शकतात. फ्लोरिडाला जाऊच नको असं मी म्हणत नाही. तुझा विषय तिथे चांगला आहे, फी कमी आहे, आणि सरळ कागदपत्रं असलेली हजारो आपली मुलं तिथे शिकताहेत.

दोन्हीकडच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयांना आजच ईमेल कर. तुमच्या कॅम्पस पोलिसांचा आयसशी करार आहे का? हॉस्टेलच्या दारात अधिकारी आला तर विद्यार्थ्याने कोणत्या नंबरवर फोन करायचा, रात्री दोन वाजता तो कोण उचलतं? आणि सेव्हिसमधली नोंद बंद झाली तर तुम्ही त्याच दिवशी कळवता का? उत्तरं आली की मला पाठव. न आलं तर कोणाचं नाही आलं, तेही कळव.