बॅटरी खरंच गेली का? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझा अँड्रॉइड फोन अडीच वर्षांचा आहे. बॅटरी ५००० एमएएचची (एमएएच म्हणजे बॅटरीच्या साठ्याचं माप). आधी दोन दिवस पुरायची, आता वावरातून घरी येईपर्यंतच फोन बंद पडतो. दुकानदार म्हणतो, बॅटरी बदला. ती खरंच गेली आहे का, हे घरच्या घरी कसं बघायचं?
— वाचक, ता. आर्णी, जि. यवतमाळ

उत्तर : दादा, पैसे काढण्याआधी तीन तपासण्या करा. तिन्ही फुकट होतात.

पहिली रात्रीची. झोपताना फोनमध्ये साठेक टक्के असू द्या आणि एअरप्लेन मोड लावा. सात-आठ तासांत दोन-तीन टक्केच उतरले, तर बॅटरी आपोआप झिरपत नाही, दिवसा खाणारा दुसराच कोणी आहे. सेटिंग्जमध्ये बॅटरीच्या पानावर कोणत्या अ‍ॅपनं किती खाल्ली ते दिसतं. तिथून चोर सापडतो. दहा टक्क्यांहून जास्त उतरले, तर फोन एकदा बंद-चालू करून दुसऱ्या रात्री परत बघा. तेव्हाही तसंच झालं, तर दोष बॅटरीत किंवा फोनच्या आतल्या सर्किट बोर्डात असू शकतो.

दुसरी तपासणी क्षमतेची, आणि निकाल खरा इथंच लागतो. प्ले स्टोअरवर अ‍ॅक्यूबॅटरी नावाचं अ‍ॅप आहे. चार्जिंग चालू असताना बॅटरीत किती एमएएच भरले ते हे अ‍ॅप मोजतं. फोन १५ टक्क्यांवर आला की चार्जिंगला लावा, स्क्रीन आणि नेट बंद ठेवा, ९० टक्क्यांवर काढा. म्हणजे ७५ टक्के भरले. अ‍ॅप समजा ३००० एमएएच दाखवतं. ३००० भागिले ०.७५ म्हणजे ४०००. मूळ ५००० पैकी ४००० उरले, म्हणजे तब्येत ८० टक्के. एकाच वेळच्या आकड्यावर जाऊ नका, चार-पाच वेळा मोजून सरासरी काढा. फार जलद चार्ज होणाऱ्या काही फोनमध्ये बॅटरीच्या आत दोन सेल, म्हणजे दोन छोट्या बॅटऱ्या, असतात. तिथं अ‍ॅपला एकाच सेलचा करंट दिसतो आणि हिशेब निम्माच येतो. चांगल्या चालणाऱ्या फोनचं उत्तर २४००-२५०० आलं तर बॅटरी मेली असं समजू नका, दुप्पट करून बघा.

तिसरी तपासणी ताणाची. ३० टक्के असताना फ्लॅश लावून पाच मिनिटं व्हिडिओ काढा. ३० वरून एकदम १२ वर आला किंवा फोन बंदच पडला, तर बॅटरीचा आतला रोध वाढलेला आहे. साठा शिल्लक असतो, पण कॅमेऱ्यानं एकदम करंट मागितला की व्होल्टेज कोसळतं आणि फोन स्वतःला बंद करून घेतो. अशी बॅटरी बदलायलाच हवी, मग क्षमता ८५ टक्के का दिसेना.

*#*#४६३६#*#* हा नंबर दाबल्यावर काही फोनमध्ये बॅटरीची माहिती उघडते आणि पुढे ‘गुड’ असं येतं. त्यावर विसंबू नका. तापमान आणि व्होल्टेज मर्यादेत आहे एवढाच त्याचा अर्थ. झीज त्यातून कळत नाही. सॅमसंग असेल तर सॅमसंग मेंबर्स अ‍ॅपमधली बॅटरी तपासणी वापरा. आयफोनमध्ये सेटिंग्जच्या बॅटरी विभागात कमाल क्षमता सरळ टक्क्यांत लिहिलेली असते. आयफोन १४ पर्यंतच्या फोनची बॅटरी ५०० पूर्ण चार्जनंतर आणि १५ पासून पुढच्यांची १००० नंतर ८० टक्के राहावी, अशी कंपनीची रचना आहे. आज निम्मी आणि उद्या निम्मी भरली तर दोन्ही मिळून एकच पूर्ण चार्ज धरतात.

एक सोपी गोष्ट राहून जाते. पऱ्हाटी वेचताना फोन खिशात असतो आणि कापसाचे तंतू चार्जिंगच्या भोकात दाबले जातात. पिन पूर्ण बसत नाही, चार्जिंग मध्येच तुटतं आणि दोष बॅटरीला लागतो. फोन बंद करून लाकडी टूथपिकनं हलक्या हातानं ते तंतू काढा. सुई किंवा टाचणी घालू नका. आतले संपर्क वाकतात.

प्रश्न : मी आशा कार्यकर्ती आहे. उन्हाळ्यात दुपारी फोन चार्जिंगला लावला की ‘तापमान जास्त आहे’ असं येतं आणि चार्जिंग थांबतं. घरावर टिनपत्रे आहेत. फोन बिघडला का?
— वाचक, जि. चंद्रपूर

उत्तर : ताई, फोन बिघडलेला नाही, तो स्वतःला वाचवतो आहे. लिथियम-आयन सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये, हा साधारण नियम आहे आणि फोनमधला सेन्सर तो पाळतो. चंद्रपुरात मे महिन्यात बाहेरच ४५ अंश असतात, पत्र्याखाली त्याहून जास्त, त्यात चार्जिंगची स्वतःची उष्णता. फोन चार्जिंग थांबवणारच. अ‍ॅपल तर फोन वापरण्यासाठी ० ते ३५ अंशच योग्य सांगतं. आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी तेवढं क्वचितच मिळतं.

उष्णतेत आतलं रसायन वेगानं बिघडतं. सेलच्या एका बाजूवर नको असलेला थर जाडावत जातो, त्यात लिथियम अडकतं आणि ते परत कामाला येत नाही. म्हणून एका उन्हाळ्यात गेलेली क्षमता पावसाळ्यात परत येत नाही. सर्वांत वाईट म्हणजे १०० टक्के भरलेला फोन तापत ठेवणं. गाडीच्या हँडलवर, ट्रॅक्टरच्या डॅशबोर्डवर, उन्हातल्या खाटेवर हेच होतं.

करायचं एवढंच, की चार्जिंग पहाटे ५ ते ७ मध्ये उरका. चोवीस तासांत तीच वेळ थंड असते. कव्हर काढा, फोन गादीवर किंवा उशीखाली न ठेवता फरशीवर ठेवा, पंख्याचा वारा लागू द्या. चार्जिंग चालू असताना हॉटस्पॉट आणि व्हिडिओ बंद. ६७ वॅटचा चार्जर असला तरी उन्हाळ्यात जुना १० वॅटचा काढा. वेळ जास्त लागेल, पण फोन तापणार नाही. फोन ओल्या फडक्यात गुंडाळणं, फ्रिजमध्ये ठेवणं किंवा कूलरच्या तोंडाशी टेकवणं टाळा. फोन एकदम थंड झाला की आत दव धरतं, आणि ओलाव्यानं बोर्ड जातो.

प्रश्न : आमच्याकडे दिवसा लाईन नसते, रात्री उशिरा येते. म्हणून फोन रात्रभर चार्जिंगला राहतो. त्यानं बॅटरी फुगते म्हणतात. कधी कधी मोटारपंपाच्या पेटीवरूनही चार्जिंग करतो. चालेल का?
— वाचक, ता. मोर्शी, जि. अमरावती

उत्तर : आजचा फोन १०० टक्क्यांवर चार्जिंग आपणच थांबवतो, त्यामुळे जास्त भरून बॅटरी फुगते ही भीती सोडा. नुकसान होतं ते तासन्‌तास पूर्ण भरलेलं आणि गरम राहिल्यानं. बहुतेक नव्या फोनच्या बॅटरी सेटिंगमध्ये ८० टक्क्यांवर थांबायची सोय असते, ती चालू करा. सोय नसेल आणि दुसऱ्या दिवशी लाईनचा भरवसा नसेल, तर खुशाल १०० भरा. लाईन नसताना आलेला फोन घेता आला पाहिजे. त्यापुढे बॅटरीचं थोडं आयुष्य कमी झालं तर चालतं. हिवाळ्यात तर रात्रभर लावून फारसं बिघडत नाही. रोज शून्यावर नेऊन भरायची सवय मात्र मोडा. त्यानं स्क्रीनवरचा टक्क्यांचा आकडा थोडा अचूक होतो, बॅटरी सुधारत नाही.

पंपाच्या पेटीवर चार्जर लावू नका. तिथं थ्री फेज असतं. न्यूट्रल सैल झाला किंवा तुटला, की २३० च्या जागी ४०० कडे जाणारं व्होल्टेज चार्जरला मिळू शकतं. चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं, त्यापलीकडे तो जळतो. स्वस्तातला असला तर फोनलाही घेऊन जातो.

ट्रॅक्टरच्या १२ व्होल्ट सॉकेटला मोबाइलचं चांगलं अ‍ॅडॅप्टर लावायला हरकत नाही, पण सेल्फ मारताना ते काढून ठेवा. स्टार्टरच्या वेळी व्होल्टेज फार खालीवर होतं.

प्रश्न : ई-पीक पाहणी (मोबाइल अ‍ॅपवर पिकाची नोंद) करायला वावरात गेलो की तासाभरात ४० टक्के उतरतात. घरी तेवढे उतरत नाहीत. पॉवर बँक घ्यावी का?
— वाचक, ता. धारणी, मेळघाट

उत्तर : रेंज क्षीण असली की फोन टॉवरपर्यंत पोचण्यासाठी जास्त शक्तीनं सिग्नल सोडतो आणि सारखा नेटवर्क शोधत राहतो. त्यावर उन्हात पूर्ण उजेडातली स्क्रीन, जीपीएस आणि कॅमेरा, हे सगळं एकाच वेळी. बॅटरीचा दोष असेलच असं नाही. शेताच्या एका गटातून दुसऱ्या गटात जाताना एअरप्लेन मोड लावा. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये ५जी बंद करून ४जी ठेवा. फोटो काढून झाला की झाडाखाली या आणि बाकीचं तिथं भरा.

पॉवर बँक घ्या, पण १०००० एमएएचच्या बँकेतून ५००० ची बॅटरी दोनदा भरेल असं धरू नका. आतल्या सेलचं व्होल्टेज ३.७, बाहेर ५ व्होल्ट द्यावं लागतं, त्या फरकात आणि उष्णतेत काही जातं. साधारण दीड वेळा भरते.

प्रश्न : तालुक्याच्या बाजारात नवी बॅटरी घ्यायची आहे. खरी कशी ओळखायची? जुनी थोडी फुगल्यासारखी वाटते.
— वाचक, जि. वाशीम

उत्तर : आधी जुनीचं बघू. मागचं झाकण उचललं आहे, स्क्रीन कडेनं सुटली आहे किंवा फोन फरशीवर ठेवल्यावर डुलतो, तर आत वायू धरला आहे. आजपासून चार्जिंग बंद. फोन बंद करून फरशीवर, कापूस आणि गवतापासून दूर ठेवा. दाबू नका, टोचू नका, वायू काढायचा प्रयत्न तर मुळीच नको; आतले थर एकमेकांना भिडले की पेट घेते. काढलेली बॅटरी उकिरड्यावर किंवा चुलीत जाऊ देऊ नका. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, म्हणून कंपनीच्या सेवा केंद्रात जमा करा.

नवीवर बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूण, आयएस १६०४६ हा मानक क्रमांक आणि आर अक्षरानं सुरू होणारा नोंदणी क्रमांक हवा. तो क्रमांक बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकून दुकानातच तपासा. नाव आणि कंपनी जुळली नाही तर घेऊ नका. तेवढ्याच आकाराच्या बॅटरीवर मूळ ५००० ऐवजी ७००० लिहिलं असेल, तर तो आकडा खोटा आहे. बनल्याची तारीखही वाचा. दुकानात पडून राहिलेली बॅटरीही म्हातारी होते. बसवताना कारागिराला सांगा, की जुनी लोखंडी पट्टीनं उपसू नका, गोंद सैल करूनच काढा. बिल घ्या आणि पहिल्याच आठवड्यात वर दिलेला एमएएचचा हिशेब करा. लेबलवरच्या आकड्याच्या ९० टक्क्यांच्याही खाली आली, तर त्याच बिलावर ती परत करा.