समाधीला रंग लावायच्या आधी

पितृपक्ष संपला की नागपुरातून माझ्याकडे तीच पत्रं येतात: गावाकडच्या शेतात आमच्या घराण्याच्या समाध्या आहेत, कोणाच्या ते कोणालाच ठाऊक नाही, शोधायचं कसं? गेल्या वर्षी उत्तरं दिली होती. यंदा पुन्हा देतो.

पावसाळ्यात गेलं तर चालेल का? (धंतोली)

नाही. काळी माती पाय सोडत नाही आणि गवतात काय आहे ते दिसत नाही. दिवाळी झाल्यावर जा. शेत आता दुसऱ्याचं असेल, तर आदल्या दिवशी त्याला फोन करा. वाट अडवली तर बांधावर भांडू नका, कागद घेऊन वकिलाकडे जा.

दगडावर 'शके 17_9 प्रभव नाम संवत्सरे माघ वद्य' एवढं वाचता येतं. मधला आकडा झिजला आहे. भाऊ म्हणतो, अंदाजाने 1750 धरू. (महाल)

भावाला थांबवा. प्रभव संवत्सर दर 60 वर्षांनी येतं. 17 आणि 9 यांच्या मध्ये बसणारी प्रभव वर्षं दोनच, शके 1729 आणि शके 1789. शकात 78 मिळवले की इसवी सन येतो. पण माघ म्हणजे जानेवारी-फेब्रुवारी, तेव्हा 79 मिळवा. म्हणजे 1808 किंवा 1868. वार कोरलेला असेल तर जुन्या पंचांगावरून दोघांतलं एक ठरेल. सकाळी आठच्या आत, उन्हं तिरपी असताना, आरसा धरून फोटो काढा. पीठ, चुना, खडू काहीही घासू नका. अक्षर मोडी असेल तर जाणकाराला दाखवा.

पुढच्या महिन्यात जीर्णोद्धार करतो आहोत. टाइल्स आणि ऑइलपेंट असं ठरलं आहे. काही सूचना? (हुडकेश्वर)

एकच. करू नका. निदान महिनाभर तरी.

काटोलकडच्या एका शेतातली समाधी मी वीस वर्षांपूर्वी पाहिली होती. काळा दगड, वर पादुका, खाली दोन ओळी. तेव्हा घाई होती म्हणून उतरवून घेतल्या नाहीत, ती चूक माझीच. पुन्हा गेलो तेव्हा पादुकांवर ऑइलपेंटचे तीन थर, पिवळा, त्यावर भगवा, त्यावर चकचकीत लाल. अक्षरांच्या खाचा बुजून गेलेल्या. शेजारी संगमरवरी पाटी, 'कै.' लावून, तीही वंशावळीशी न जुळणाऱ्या सालाची. कंत्राटदाराने विचारलं, घरच्यांनी आठवेल ते सांगितलं. समाधीचा दुसरा कोरीव दगड विहिरीवर होता, त्यावर धुणं चाललं होतं. कोणी वाईट हेतूने काही केलं नव्हतं, सगळ्यांची श्रद्धाच होती! पण त्या घराण्याचा एकमेव लिखित पुरावा श्रद्धेनेच पुसला.

कामठीकडचा वालुकाश्म तर आणखी मऊ असतो. ॲसिडने धुतला की वरचा पापुद्रा अक्षरांसकट निघतो. तेव्हा आधी चारही बाजूंचे फोटो, मापं, दगडाचं तोंड कोणत्या दिशेला आहे याची नोंद. मग दगडाच्या संवर्धनाचं काम करणाऱ्याला विचारा. गवत काढायला मात्र कोणाची परवानगी नको.

आमच्या शेतात मोठ्या दगडांचं वर्तुळ आहे. तीही पूर्वजांचीच समाधी म्हणायची का? (हिंगणा रोड)

पूर्वजांची असेल, पण तुमच्याच, हे कोण सांगणार? ही बृहत्पाषाणयुगीन, म्हणजे मोठाले दगड मांडून पुरण्याच्या काळातली, दफनं, दोन हजार वर्षांहून जुनी. नागपूरजवळच्या जुनापाणीला अशी सुमारे 300 वर्तुळं आहेत. तिथे रिव्हेट-कार्नाक या इंग्रज अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकात खोदकाम केलं होतं. टाकळघाटची वर्तुळं पाहायला गेलेले नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप 1863 च्या सप्टेंबरात परतताना पुराच्या ओढ्यात बुडाले (म्हणून म्हणतो, पावसाळ्यात नको). कुदळ लावू नका. पुरातत्त्व खात्याला कळवा.

एक जण 5000 रुपयांत 72 पिढ्यांची वंशावळ आणि कुळाचं चिन्ह देतो म्हणतो. (मानेवाडा)

पैसे ठेवा. चौथ्या पिढीचा कागद मागा, फोन उचलणं बंद करेल.

समाधीचा फोटो जात पडताळणीला चालेल का? (वाडी)

फोटोवर भागणार नाही. महसुली आणि शाळेच्या नोंदी लागतात. समितीच्या कार्यालयात विचारा, दलालाला नको.

आमचं गाव गोसेखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं. आता काय उरलं? (नंदनवन)

बरंच. जमीन पाण्याखाली गेली, दप्तर नाही. भूसंपादनाचा निवाडा आणि संयुक्त मोजणीचे कागद काढा. कोणाच्या नावावर काय होतं ते त्यात सापडतं. मागे जायचं तर 1954-55 चा अधिकार अभिलेख (जमिनीवर कोणाचा हक्क त्याची नोंद), बंदोबस्त मिसल (इंग्रजांच्या काळातलं सारा आकारणीचं दप्तर) आणि निस्तार पत्रक (गावाच्या सामायिक जागांची नोंद). गावची स्मशानभूमी, दफनभूमी कुठे होती ते शेवटच्यात पाहा. जुन्या गाव नमुना 14 मध्ये, म्हणजे कोतवाल बुकात, जन्म-मृत्यूच्या नोंदी असतात. जन्माच्या नोंदीत मात्र बाळाचं नाव शोधत बसू नका, बहुतेक वेळा 'मुलगा' किंवा 'मुलगी' एवढंच असतं. तहसील आणि भूमी अभिलेख, दोन्हीकडे नकलेचा अर्ज द्या आणि पोच घ्या.

आजी 88 वर्षांची आहे. दिवाळीत सगळे जमू तेव्हा तिला निवांत विचारू म्हणतो. (महाल, तेच भाऊ-बहीण)

या रविवारी जा. मोबाइलवर रेकॉर्डिंग लावा आणि नावं विचारू नका, नावं ती घेणार नाही, सासऱ्याचं तर नाहीच. विचारा, "आजी, घरात मयत झाली की कोणकोणत्या गावाला सांगावा जायचा?" ती गावं लिहून घ्या. दप्तर त्याच गावांचं काढायचं आहे.