न्हाणाच्या तेलात तळाशी थर का बसतो?

प्रश्न : घाण्याच्या खोबरेल तेलात शेकडा १० पॉलिसॉर्बेट ८० (तेल पाण्यात मिसळवणारा घटक) घालून न्हाणाचे तेल केले. चार दिवसांत तळाशी मधासारखा पिवळा थर बसला, डिसेंबरात तर बाटलीच गोठली. बादलीत टाकले की नुसता तवंग. काय चुकले?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : तळाशी बसले ते पॉलिसॉर्बेटच. त्याला पाण्याची ओढ इतकी, की तेलात ते नीट विरघळत नाही, आणि तेलापेक्षा जड असल्याने खाली उतरते. मग तुम्ही वरून ओतता ते निव्वळ खोबरेल. त्याचा तवंगच येणार!

तेलाची ओढ असलेला जोडीदार द्या : सॉर्बिटन ओलिएट, बाजारातले नाव स्पॅन ८०. पाणी-तेलाची ओढ मोजणाऱ्या एचएलबी मापावर पॉलिसॉर्बेट ८० येते १५ वर, स्पॅन ४.३ वर. पहिले १२ ग्रॅम आणि दुसरे ८ ग्रॅम घेतले की मिश्रण १०.७ च्या आसपास बसते. तेलात विरघळायला आणि पाण्यात पसरायला ते बरे पडते.

खोबरेल २४-२५ अंशांखाली थिजते, आणि डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पहाटे पारा २० च्या घरात येतो. म्हणून तीळतेल किंवा न गोठणारे फ्रॅक्शनेटेड खोबरेल घ्या. १०० ग्रॅमसाठी तेल ७८.५, वरची जोडी २०, व्हिटॅमिन ई ०.५, सुगंधी तेल १ ग्रॅम. सगळे वजनानेच मोजा, चमच्याने नको. भांडे पूर्ण कोरडे हवे; पाण्याचा एक थेंब राहिला तरी तेल गढुळते. आधी तेल आणि जोडी एकजीव ढवळा, सुगंध शेवटी.

आता पेलाभर पाण्यात चार थेंब सोडा. ढवळल्यावर पाणी दुधासारखे पांढरे झाले तर जमले. वर तेलाची टिकली दिसली तर जोडी २-३ ग्रॅमने वाढवा, तेल तेवढेच कमी करा. बाटली आठवडाभर न हलवता ठेवा आणि तळ उजेडात धरून पाहा. पाणी विहिरीचे, जड असले तरी चालते. साबणासारखा साका ही जोडी धरत नाही.

प्रश्न : यात प्रिझर्व्हेटिव्ह घालावे का?
– एक वाचक, पेडणे

उत्तर : तेलात पाणी नसेल तर गरज नाही. व्हिटॅमिन ई फक्त खवटपणा लांबवते, बुरशी रोखत नाही. त्यामुळे ओला हात किंवा तांब्या बाटलीला लागू देऊ नका, पंपाची बाटली उत्तम. बादलीला एक चहाचा चमचा पुरे. न्हाणीची लादी मात्र निसरडी होते. घरात म्हातारी माणसे असतील तर आंघोळ झाल्या झाल्या साबणाने घासून काढा.