वाचकांचे प्रश्न : डोंगरमाथ्यावरचं पाणी

प्रश्न : डोंगरावर दाट जंगल आहे, तरी तिथला झरा उन्हाळ्यात आटतो. झऱ्याभोवती आणखी झाडं लावली तर पाणी वाढेल का?

झऱ्याला लागून झाडं लावायची घाई करू नका. झाडंही पाणी ओढतात. दक्षिण आफ्रिकेत योंकर्सहुकच्या डोंगरात मूळच्या झुडपांच्या जागी पाइन लावले, तेव्हा तिथल्या ओढ्यांचं पाणी घटलं. जंगलाचं मोठं काम जमिनीत चालतं. पालापाचोळा आणि मुळांनी केलेल्या वाटा यांमुळे पाऊस मुरतो. गुरांच्या खुरांनी माती दबली, की झाडं उभी असूनही पाणी वाहून जातं.

शिवाय झरा ही पाणी बाहेर पडायची जागा; मुरायची जागा वेगळी. भेगाळ खडकातून उतरलेलं पाणी खालच्या घट्ट थरावर अडतं, त्याच्या कलाने सरकतं आणि थर उघडा पडतो तिथे बाहेर येतं. कल पलीकडून अलीकडे असेल, तर तुमच्या झऱ्यात डोंगराच्या धारेपलीकडचा पाऊसही येत असतो. अशा वेळी फक्त अलीकडच्या उतारावर चर खणले तर बरीचशी मेहनत वाया जाते. म्हणून आधी कड्यात उघड्या पडलेल्या थरांचा कल पाहा.

प्रश्न : झऱ्याचं पाणी मोजायचं कसं?

झऱ्याच्या तोंडाशी चिकणमातीचा छोटा बांध घालून त्यात पाइप बसवा. बांधामागचं पाणी स्थिरावलं, की पाइपाखाली 10 लिटरची बादली धरून भरायला लागणारे सेकंद मोजा. असं तीनदा करून सरासरी काढा. 40 सेकंद लागले, तर मिनिटाला 15 लिटर, म्हणजे दिवसाला 21,600 लिटर. पाइपाच्या कडेने झिरपणारं पाणी हिशेबातून सुटतं आणि आकडा कमी येतो. तिथे माती पुन्हा चोपा. बादली पाच सेकंदांच्या आत भरत असेल, तर मोठं भांडं घ्या.

एकदा मोजून काही कळत नाही. दर महिन्याला ठरलेल्या तारखेला मोजा, शेजारी पावसाची नोंद ठेवा. पावसानंतर लगेच फुगून लगेच ओसरणारा झरा उथळ साठ्यावर चालतो. संथ उतरणाऱ्याचा साठा सहसा मोठा असतो.

प्रश्न : पाऊस नसतानाही जंगलातली जमीन ओली कशी?

धुक्यामुळे. ढगातले बारीक थेंब पानांवर, शेवाळावर जमतात आणि टपकतात. उघड्यावरच्या पर्जन्यमापकात हे पाणी जवळजवळ येतच नाही, म्हणून आणखी काही मापकं झाडांखालीही ठेवा. होंडुरासची राजधानी तेगुसिगाल्पा हिच्या पाण्याचा मोठा वाटा ला तिग्रा या अशाच धुकेजंगलातून येतो.