ओठाच्या आत पाण्याचा फोड येतो, फुटतो, परत येतो. कॅन्सर असेल का? कुठे दाखवू? खर्च किती येईल?

खालच्या ओठाच्या आतल्या बाजूला वाटाण्याएवढा निळसर फोड, दुखत नाही, आपोआप फुटतो आणि पंधरा दिवसांनी परत तिथेच. तुमचा प्रश्न वाचला आणि आपोआप माझी जीभ ओठाच्या आत गेली, कारण हे सगळं माझ्या ओठावर होऊन गेलंय आणि त्यावरून आमच्या घरात जे महाभारत झालं ते अजून संपलेलं नाही.

तर ऐका. चोविसाव्या वर्षी मला हेच आलं होतं. डाव्या बाजूचा वरचा सुळा जरा पुढे आहे, विचार करताना खालचा ओठ दाताखाली धरायची सवय. एक दिवस आरशात बघतो तर आत साबुदाण्याचा फुगलेला दाणा असावा तसं काहीतरी. दुखेना म्हणून सोडून दिलं. मग आली मामांच्या मुलीची हळद, पारोळ्याला, मे महिन्यात. पंगतीत वरण-बट्टी आणि वांग्याची घोटलेली भाजी, बट्टी नीट चुरली नव्हती, मोठा तुकडा तोंडात घातला आणि कचकन ओठच चावला. फोड फुटला. आत काय होतं म्हणता, पू नाही, रक्त नाही, अंड्याच्या पांढऱ्यासारखं चिकट, तार सुटणारं पाणी. मी पत्रावळीवर तसाच बसून राहिलो आणि शेजारी मोठे मामा, तोंडात तंबाखू-चुना, हसत म्हणाले, "काही नही व्हत रे, उष्नता शे, गुलकंद खाय." सगळी पंगत हसली.

गुलकंद खाल्ला. दीड महिना खाल्ला. मेडिकलवाल्याने बी कॉम्प्लेक्सच्या गोळ्या दिल्या, त्या पण खाल्ल्या (आपल्याकडे तोंडात काहीही होऊ द्या, बी कॉम्प्लेक्स ठरलेलं). फोड चार दिवस बसायचा की परत हजर, आणि दरवेळी जरा कडक. मग मी तो मूर्खपणा केला जो तुमच्या मनात सध्या नक्की आलेला असेल, गॅसवर सुई तापवून फोडला. तीन दिवस बरं वाटलं. मग तालुक्याच्या गावातल्या एका डॉक्टरांनीही तेच केलं, फक्त सुई महाग होती, वरची चामडी कापून पाणी काढलं आणि म्हणाले झालं. महिन्यात परत. नाव घेत नाही, माणूस चांगला होता, पण माझे आठशे रुपये आणि एक महिना गेला.

शेवटी जळगावला तोंडाच्या सर्जनकडे गेलो. दातांचेच डॉक्टर असतात, पण पुढे ऑपरेशनचं शिकलेले, ओरल सर्जन. त्यांनी दोन मिनिटं बोट फिरवलं आणि म्हणाले म्युकोसिल. मग जे समजावलं ते आधीच कोणी सांगितलं असतं तर गुलकंद वाचला असता. आपल्या तोंडात लाळेच्या ग्रंथींच्या तीन मोठ्या जोड्या सोडून आणखी ६०० ते १००० बारीक ग्रंथी असतात, ओठाच्या आत तर दाटीवाटीने. चावल्याने एखादीची नळी तुटते, लाळ तोंडात यायच्या ऐवजी चामडीखाली साचते, तोच फोड. म्हणजे ही गाठ नाहीच, गळती आहे. शेतातली पाइपलाइन फुटली आणि तुम्ही नुसतं डबकं उपसत बसलात तर डबकं परत भरणारच ना. ती गळणारी ग्रंथी आणि शेजारच्या दोनचार काढल्या तरच प्रश्न मिटतो, म्हणून सुईवाले सगळे उपाय फेल.

ऑपरेशन म्हणजे किती, पंचवीस मिनिटं. ओठात सुन्न करायचं इंजेक्शन, तेवढंच काय ते दुखलं, मग सिस्टरने ओठ दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून बाहेर वळवला म्हणजे रक्त कमी येतं, आणि डॉक्टरांनी फोड सगळा मोकळा करून काढला. मला ट्रेमध्ये दाखवलं. फोड फुसका झालेला, आणि बाजूला पिवळट-पांढरे तीनचार दाणे, भगरीच्या दाण्याएवढे. एवढ्याशा दाण्यांनी पाच महिने छळलं. चार टाके, आठवड्याने काढले, तोवर कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या आणि खिचडी. तुकडा औषधाच्या बाटलीत घालून तपासायला पाठवला. इथे घरात भांडण.

मामा म्हणे, "व्हटले सुरी लागनी का रोग खवयस", म्हणजे ओठाला सुरी लागली की रोग खवळतो. आई रडायला लागली. बाबा म्हणाले एकदा काढलं ना, मग बायोप्सीचे वेगळे पैसे कशाला, आणि बायोप्सी हा शब्द ऐकून आजीने तर नवसच बोलला. मी त्यांना तेव्हा जे नीट सांगू शकलो नाही ते इथे सांगतो: कापल्याने, तुकडा घेतल्याने साधी गाठ कॅन्सर होत नाही. लोक उशिरा जातात, तोवर रोग वाढलेला असतो, आणि आळ चाकूवर येतो. रिपोर्ट चार दिवसांत आला, साधं म्युकोसिल. त्याला आता नऊ वर्षं झाली, परत आलेलं नाही.

आता तुमचं. तुम्ही लिहिलंय तसंच असेल, निळसर, मऊ, फुटतं आणि भरतं, खालच्या ओठात, तर बहुतेक हेच. वरच्या ओठात कडक गोळी असती तर मी इतकं निवांत लिहिलं नसतं, तिथे म्युकोसिल क्वचित येतं, दुसऱ्याच गाठी जास्त. जिभेखाली मोठा फुगा असेल तर तो रॅन्युला, त्याचं ऑपरेशन वेगळं. ओठावर बारीक पिवळे दाणे असतील तर त्या तेलग्रंथी, काहीच करायचं नसतं, मी त्यावर पण एक रात्र जागून काढली आहे. बाबांच्या खालच्या ओठावर जांभळा ठिपका आहे, आयुष्यभर उन्हात केळीच्या बागेत काम, डॉक्टरांनी काच दाबली तर फिका पडला, म्हणाले शीर फुगलीय, राहू द्या. गालात दाताला घासून झालेली गुळगुळीत गाठ असते ती पण साधी, काढली की संपलं.

पण दुखत नाही म्हणजे काही नाही, हे डोक्यातून काढा. माझं सगळं भांडण इथेच आहे. तोंड येतं ते किती झोंबतं, आणि दहाबारा दिवसांत आपोआप जातं. जे खरं वाईट असतं ते सुरुवातीला बहुतेकदा दुखतच नाही. दोन आठवड्यांत न भरलेली जखम, न पुसला जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, तिखट अचानक लागायला लागणं, तोंडात तीन बोटं उभी न मावणं, यातलं एक जरी असलं तरी थेट दाखवा. तंबाखू, गुटखा, सुपारी असेल तर दुप्पट लवकर.

मोठ्या मामांना डाव्या गालात, तंबाखूची गोळी जिथे ठेवतात बरोबर तिथे, पांढरा जाड चट्टा आहे. मी सहा वर्षं मागे लागलो होतो. "दुखस का? नही ना? मंग?" हे एकच उत्तर. शेवटी मागच्या दिवाळीत मामीने जेवण बंद करायची धमकी दिली तेव्हा धुळ्याला तुकडा तपासला.

खर्चाचं विचारलं होतंत. माझे तेव्हा तपासणी धरून साडेतीन हजार गेले, आता जास्तच लागतील, धुळे-जळगावच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात दातांचा विभाग आहे, तिथे आधी चौकशी करा. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांगा. ओठाचा तो भाग काही आठवडे बधिर राहू शकतो, माझा दीड महिना होता, चहा सांडायचा. लहान मुलाला असेल तर डॉक्टर कधीकधी थोडं थांबतात. आणि हो, मी डॉक्टर नाही, सावद्याहून केळीच्या गाड्या भरतो, तेव्हा इथे फोटो टाकून माझ्याकडून निदान मागू नका. आणि सुई खाली ठेवा.

मामांचा रिपोर्ट आला, सध्या कॅन्सर नाही, तंबाखू सोडा, दर तीन महिन्यांनी दाखवायला या. मामांनी पहिले तीन शब्द वाचले, कागदाची घडी खिशात घातली, दुसऱ्या खिशातून पुडी काढली आणि मला म्हणाले, "मी काय सांगेल व्हतं?"